यादीतली पाचवी ओळ

साताऱ्यातलं एक प्रकरण अजून माझ्या मनातून जात नाही, कारण त्यात चुकलो होतो मीच.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. सांगलीच्या एका खबऱ्यानं कळवलं, की साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या नव्या पंपाचं ड्रॉइंग तिकडच्या एका वर्कशॉपात फिरतंय. कारखान्याच्या मालकानं फिर्याद दिली. ड्रॉइंग संगणकात होतं आणि ते उघडायची परवानगी फक्त 'ड्रॉइंग विभाग' या गटाला होती. यादीत चार नावं. ड्रॉइंग बाहेर गेलं त्या आठवड्यात तिघं बाहेरगावी होते. उरला वडूजचा एक माजी फौजी ड्राफ्ट्समन. मालकानं त्याला सगळ्यांदेखत कामावरून काढलं आणि मी त्याला दोन दिवस ठाण्यात बसवून घेतलं.

"आवं साहेब, मी न्हाई," एवढंच तो म्हणे. खोटं बोलणारा रोज नवा तपशील जोडतो, हा काहीच जोडेना. मला ते खटकलं आणि मी ती यादी पुन्हा हातात घेतली.

चार नावांखाली पाचवी ओळ होती, 'खंडेनवमी कमिटी'. कारखान्याचा संगणक सांभाळणाऱ्याला विचारलं, हे काय?

"त्यो दुसरा गट हाय, साहेब. गेल्या साली पूजेच्या पत्रिकेवर मशिनचं चित्र पायजे हुतं, म्हणून आख्खी कमिटी ह्या गटात घातली. काढायची राहिली."

आमच्या ड्यूटी रजिस्टरात 'गार्ड, एक अधिक तीन' असं लिहितात, म्हणजे एक हवालदार नि तीन शिपाई. ओळ एक, माणसं चार. जन्मभर हे लिहिणाऱ्या मला ते दिसू नये?

"कमिटीत कोण कोण?"

"त्यात बी गटच हायत. हातानं बघाय लय येळ जाईल."

त्यानं वीसेक ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम, लिहिली. गट दिसला की उघडायचा, आत गट निघाला तर तोही, नुसती माणसं उरेपर्यंत. मी खुर्ची ओढून शेजारीच बसलो, असली गंमत कधी पाहिली नव्हती. चाराची एकवीस नावं झाली.

ती खबऱ्याला वाचून दाखवली. स्टोअरच्या कारकुनाच्या नावावर तो म्हणाला, "ह्याचा मेव्हणा त्याच वर्कशॉपात हाय."

कारकुनानं फार ताणलं नाही. "उघडत हुतं, साहेब. मेव्हण्यानं मागितलं, दिलं." मेव्हण्याच्या घरी फ्लॉपी सापडली.

मी स्वतः वडूजला गेलो. फौजीनं सगळं ऐकून घेतलं.

"ती ओळ पैल्या दिवशी बी यादीत हुती न्हवं?"

"होती. माणसाचं नाव नव्हतं म्हणून मी सोडली."

"मग हेच कारखान्यात सगळ्यांम्होरं सांगा."

त्या वर्षी खंडेनवमीला, मशिनना झेंडूचे हार घातलेले असताना, गणवेशात उभं राहून मी ते सांगितलं. संशयिताच्या डोळ्यांत बघण्याआधी हातातला कागद शेवटपर्यंत वाचावा, एवढं मी तेव्हा शिकलो. माझं बोलणं संपलं तसा फौजी पुढं आला आणि त्यानं मला कडक सलाम ठोकला. उत्तरादाखल हात उचलताना मला फार लाज वाटली.