काळ्या तोंडाच्या शेळ्या

आमच्या शेळ्यांना एकदा भूतबाधा झाली होती आणि त्यातलं भूत मी होते.

लग्न होऊन गगनबावड्याला आले, त्याला वर्षही झालं नव्हतं. पावसाळ्यात आमच्या तिन्ही शेळ्यांना जंत झाले. हिरड्याच्या तुरटपणानं जंत कमी होतात, असं मी मोबाईलवर ऐकलं. परसात हिरडा होताच. (बेतानं काही करणं आमच्या माहेरी कुणालाच जमलेलं नाही.) मी रोज ढीगभर पाला घालू लागले. शिवाय हिरडे कुटून भरड्यात कालवायचे. एका रात्री तो भरडा पहिल्यांदाच लोखंडी घमेल्यात भिजवून पुढं ठेवला.

दुसऱ्या सकाळी धुकं पार गोठ्यात शिरलं होतं. रोज कालवा करणाऱ्या शेळ्या गप्प होत्या. आत गेले तर तिघी भिंतीकडं तोंड करून उभ्या. रवंथ नाही, कानसुद्धा हलत नव्हता. चिंगीनं, आमच्या गाभण शेळीनं, सावकाश मान वळवली. तिचे ओठ काळे, दाढी काळी. घमेल्यात शाईसारखं पाणी. मी भरडा चिवडून पाहिला, तर तळवाही काळा झाला आणि साबणानं घासून जाईना.

मागं सासूबाई येऊन उभ्या होत्या. मी त्यांना आत्ती म्हणते. त्यांनी शेळ्यांची तोंडं पाहिली, मग माझा हात पाहिला आणि त्या मागं सरकल्या.

"पोरी," त्या हळूच म्हणाल्या, "खरं सांग. तू कोण हाईस?"

त्या दिवशी माझ्या हातचा चहा कुणी घेतला नाही. नवऱ्यानं पोट बिघडल्याचं सांगितलं. (त्याला दगडही पचतात.) आत्तींनी लिंबू उतरवला, तोही शेळ्यांवरून नाही, माझ्यावरून. शेवटी मलाच शंका येऊन मी आरशात पाहून आले.

दुपारी चिंगी कण्हत खाली बसली, तेव्हा मात्र मला रडू फुटलं. नवऱ्यानं जनावरांच्या डॉक्टरांना आणलं. त्यांनी घमेलं पाहिलं आणि काय खायला घातलं ते विचारलं. हिरडा आणि लोखंड एकत्र आलं की शाईच होते, म्हणाले. थोडा हिरडा जंतांवर बरा, पण अति झाला की पोट आखडतं, चारा पचत नाही. त्यांनी हिरडा बंद करून तेल पाजलं, हिरवं गवत घालायला सांगितलं.

दोन दिवसांनी चिंगीनं लेंड्या टाकल्या आणि आत्तींनी ती बातमी साऱ्या आळीला ओरडून सांगितली.

संध्याकाळी शेजारीण आपली शेळी घेऊन दारात. "वैनी, हिच्यावरबी मंतर मारा की."

मी तिला सगळं खरं सांगितलं, हिरडा, घमेलं, शाई. ती समजूतदारपणे हसली. "उघड सांगायचं नसतंय, म्हाईत हाय मला."

आता मी वाटेनं निघाले की बाया नमस्कार करतात, आणि शेळ्या तेवढ्या आत घेतात.