विसराळू सासरे

आमच्या कौटुंबिक विनोदी मालिकेचं ते पहिलंच पर्व होतं. मी सून झाले होते आणि उभी हयात नाटकात घालवलेले भाऊकाका माझे सासरे. जेवणाच्या टेबलावरचा प्रसंग चालू होता. काकांनी वरणाची वाटी उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि ते थांबले. त्या डोळ्यांत मला माझी ओळखच दिसली नाही.

"बाबा, मीठ हवंय का?" मी सुचेल ते बोलले.

"मीठ?" ते म्हणाले. "हे घर कुणाचं आहे?"

सेटवर हशा पिकला. दिग्दर्शक टाळ्या वाजवतच आला. "काका, काय टायमिंग! हे असंच ठेवायचं."

काकाही हसले, पण जरा उशिरा, सगळ्यांकडे बघून घेतल्यावर. आपण कशाला हसतोय हे कळत नसलं, तरी चारचौघांत एकटं पडू नये म्हणून माणूस हसतो. आणि समोरच्यांना एकदा हसू आलं, की त्या चेहऱ्याकडे कुणी नीट बघतच नाही.

पुढच्या आठवड्यात लेखकाने सासऱ्यांना विसराळूच करून टाकलं. मेकअपच्या खोलीत काकांनी माझा हात घट्ट धरला.

"बरं झालं गं," ते हळूच म्हणाले. "आता कुणाला कळायचं नाही."

तेवढ्यात शॉटसाठी हाक आली. काका उत्साहाने उठले, दोन पावलं चालले आणि वळून मला म्हणाले, "दार कुठल्या बाजूला आहे?"