बकऱ्याच्या डोक्यावर दोन हात

मासवणच्या नाक्यावर बाबांनी माझी बॅग एसटीत चढवली आणि खाली उभं राहून म्हणाले, "तिकडं नीट ऱ्हा. देव पाहतो हाय." देव पाहत होताच. बाबाही पाहत होते, आणि खरं काय ते दोघांनीही कोणाला सांगितलं नाही. दादा आलाच नव्हता. तो पाड्यावर नव्या प्रार्थनाघराचे वासे उभे करत होता. जुनं प्रार्थनाघर त्याच्याच विडीने जळलं होतं, हे अख्ख्या एसटीत फक्त मला ठाऊक होतं. मला रडू आलं नाही. संताप आला, आणि तो मी आजपर्यंत जपून ठेवला आहे.

पाड्यावरच्या तुम्हा सगळ्यांना हे लिहिते आहे, आणि माझ्यासारखे जे पोटासाठी लांब गेले त्यांनाही. झालं ते सरळच सांगते. नाताळच्या आदल्या संध्याकाळी दादा पिऊन आला, प्रार्थनाघरामागच्या पेंढ्यावर बसून त्याने विडी ओढली आणि तिथेच लवंडला. पेंढा पेटला, मग कुडाच्या भिंती. मी त्याला पायाला धरून ओढत बाहेर काढलं. तेवढ्यात आमच्या मंडळीतली म्हातारी सखूआत्या प्रभुभोजनाचा प्याला वाचवायला आत धावली आणि तिचे दोन्ही हात भाजले. आग कशाने लागली, असं वडीलधाऱ्यांनी विचारलं, तेव्हा बाबांनी मला घरामागे नेलं. "तू पोर हायेस, उद्या लगीन करून जाशील. त्याला पाळक व्हायचा हाय, मंडळी सांभाळायची हाय. मेणबत्त्या तूच लावल्या व्हत्या ना? मंग झालं."

मग झालंच. मला प्रभुभोजनाला बसू देईनात. पाम गावच्या मुलाशी ठरलेलं माझं लग्न मोडलं. सखूआत्याला भाकर नेली तर तिने पट्ट्या बांधलेल्या हाताने ताट सरकवलं आणि तोंड फिरवलं. दादा शेजारी उभा राहून तिच्या हातांसाठी डोळे मिटून प्रार्थना करत होता. त्या क्षणी मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली होती. आजही वाटते.

बोईसरला चार बिहारी मुलींबरोबर एका खोलीत राहिले. त्या शिफ्टच्या बसने कारखान्यात जायच्या आणि मी दवाखान्यात आयाचं काम करायचे. हिंदी तिथे शिकले, म्हाताऱ्या माणसाला न दुखवता कुशीवर कसं वळवायचं तेही तिथेच. त्या कामावरच पुढे इस्रायलचा व्हिसा मिळाला. इथे मला मेतापेलेत म्हणतात, म्हणजे सांभाळणारी. दिमोना नावाच्या वाळवंटी गावात एका मावशीला सांभाळते. मावशी ज्यू, पण आपल्या कोकणातली, रेवदंड्याकडची. लग्नानंतर इकडे आली, तरी मराठी अजून खणखणीत. सूर्या नदीच्या काठची मी, इथे हिरव्या पानासाठी बाजारात जावं लागतं. पण भांडायला मराठी माणूस मिळालं, हे काय कमी आहे?

वर्षातून एक दिवस मावशी पांढरी साडी नेसते, दिवसभर पाणीसुद्धा घेत नाही आणि दारं-खिडक्या लावून घ्यायला सांगते. कोकणातले ज्यू याला दारफाळणीचा, म्हणजे दारं लावून घेण्याचा, सण म्हणत. बाहेर रस्त्यावर एक गाडी नसते. हाच तो प्रायश्चित्ताचा दिवस, जो मी लहानपणापासून बायबलातून ऐकत आले. ज्यूंचं मंदिर होतं तेव्हा या दिवशी दोन बकरे आणत. एकाला मारून त्याचं रक्त प्रमुख याजक आतल्या पडद्याआड देवासमोर नेई, आणि दुसऱ्याला लोकांची पापं वाहून न्यायला जिवंत रानात हाकलून देत. आम्हाला शिकवलं की ही सगळी येशूची छाया, त्याच्या पुढच्या बलिदानाची खूण. मारलेलाही तोच आणि वेशीबाहेर नेलेलाही तोच. तो मेला तेव्हा मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, आता आणखी कुठला बकरा नको. हे मी मनापासून मानते. म्हणूनच जळते. सगळ्यांचं पाप त्याने एकदाच वाहिलं, तर माझ्या घराला आणखी एक बकरी कशाला लागली?

मावशीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगो, तुमचं बरं सोपं हाय. आमचं मंदिर पडलं, बकरे गेले. आता देवाचा अपराध केला तर माफी देवाकडं माग नि माणसाचा केला तर माणसाकडं. तिथं देवसुद्धा मध्ये पडत नाही." मी म्हटलं, मावशी, आमच्या दादाला हे कोणीतरी सांगा.

गेल्या वर्षी दादाचा उपदेश कोणीतरी फोनवर पाठवला. विषय तोच, दोन बकरे. काय सुंदर बोलत होता! बकरा पाप घेऊन रानात जातो, मागे राहिलेले स्वच्छ होतात, मग मागचं कशाला आठवायचं. मधलं वचन मात्र त्याने गाळून टाकलं होतं. बकऱ्याला सोडण्याआधी याजकाला त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवावे लागतात आणि लोकांचे सगळे अपराध तोंडाने बोलून दाखवावे लागतात. न बोलता हाकलून द्यायची सोय हे नियम देणाऱ्या मोशेनेही ठेवलेली नाही. मी ते वचन पाठ केलं आणि वाट पाहत बसले.

यंदा दादाची पाळकपदाची दीक्षा ठरली. त्या दिवशी घरच्यांची साक्ष हवी म्हणून बाबांनी प्रार्थनाघरातून मला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माइकसमोर धरला. पुढच्या रांगेत सखूआत्या बसलेली दिसली. मी सावकाश, एकेक शब्द सुटा करत ते वचन म्हटलं. मग विचारलं, "दादा, माझ्या डोक्यावर हात ठेवलेस. बोललास कधी? आता बोल. आग कोनी लावली?"

बाबांनी फोन खाली केला नाही. दादा घामाघूम झाला होता. शेवटी म्हणाला, "मी. मी पिऊन आल्तो. माझ्या विडीनं लागली. तिचा काय बी नव्हता त्यात." वडीलधाऱ्यांनी दीक्षा तिथल्या तिथे थांबवली. सखूआत्या उठून फोनजवळ आली. "पोरी, तू नव्हतीस? मंग इतकी वरसं बोलली का नायस?" मी म्हटलं, "आत्या, बोलले असते तं तुमी मानला असता?" ती खाली बसली आणि तिने आपले भाजून आखडलेले हात मांडीवर झाकून घेतले. तिच्यासाठी मला वाईट वाटलं. दादासाठी तीळभरही नाही. त्या दिवशी मी मावशीला शिरा करून घातला आणि स्वतः दोन वाट्या खाल्ला.

दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. "बाय, माफ कर मला." मी 'नाही' म्हटलं आणि फोन ठेवला. मग बाबांनी केला. म्हणाले, "घरी ये, तुझाच घर हाय." कोणतं घर, बाबा? ज्याचं नाव राखायला मला एसटीत बसवलं ते? आज त्या घरात दादा मान खाली घालून जेवतो आणि पाड्यावर माझं नाव निघालं की सगळे गप्प होतात. एवढं घर मला इथे बसून पुरतं.

मावशीकडून त्यांचा एक नियम कळला. अपराध करणाऱ्याने तीनदा क्षमा मागायची. तिन्ही वेळा नाही म्हटलं, तर पाप नकार देणाऱ्याच्या माथी येतं. आमचा येशू न मोजता क्षमा करायला सांगतो, हे मला माहीत आहे, कोणी शिकवू नका. पण सध्या मी मावशीच्या घरात राहते. तेव्हा दादाला निरोप द्या, आधी सखूआत्याची माफी माग आणि मग मला फोन कर. पाप न लागता म्हणायचं माझं एक 'नाही' अजून शिल्लक आहे आणि ते मी चवीने म्हणणार आहे. तिसऱ्यांदाचं तेव्हा पाहू.