हॅरोडेलचा पंपवाला

सेप लेडलरला "कसं काय?" विचारलं की तो जहाजाची खुशाली सांगायचा. बायको गेली, गुडघे गेले, त्याबद्दल अवाक्षर नाही. हॅरोडेल या तेलवाहू जहाजाबद्दल मात्र वाट्टेल तेवढं बोलून घ्या, तेही जहाज भंगारात जाऊन कैक वर्षं झाल्यावर.

उत्तर इंग्लंडातल्या साउथ शील्ड्सच्या धक्क्यामागे निवृत्त खलाशांचा एक हॉल आहे. तिथला चहा मी सांभाळते. दर गुरुवारी दुपारी तिथे 'जहाज चालवणं' असतं. एकाने उभं राहायचं आणि पहिल्यांदा पाण्यात उतरल्यापासून मोडीत निघेपर्यंत आपलं जहाज बंदरामागून बंदर सांगत न्यायचं. बाकीच्यांनी कान टवकारून चूक पकडायची. चूक सापडली की सगळ्यांचे कप त्याने विसळायचे. माणसं आपल्या लग्नाची तारीख विसरतात, पण यात चुकत नाहीत.

सेप सुरू झाला की ऐकत राहावं. हॅरोडेल आमच्याच टाइन नदीवर बांधलेलं. दुसऱ्या महायुद्धाच्या आदल्या वर्षी पाण्यात उतरलं. त्रिनिदादहून काळं दाट तेल भरायचं आणि वर स्कॉटलंडच्या टोकाला, स्कापा फ्लोच्या तळावर नौदलाला पाजायचं. पुढे बंदरात पाजायलाही सवड उरली नाही, तेव्हा भर समुद्रात. मागे लांबलचक नळी सोडायची, लढाऊ जहाजाने ती उचलायची आणि दोघांनी एका चालीने चालत राहायचं. सेप तिथला पंपवाला. कुठल्या टाकीतून किती आणि केव्हा, हे सगळं त्याच्या हातात. फ्रीटाउन, जिब्राल्टर, आइसलँड, मग लंकेतलं त्रिंकोमाली, शेवटी प्रशांत महासागर.

माझा स्वभाव नको तिथे नाक खुपसायचा. नवराही हेच म्हणायचा, आणि त्याचं एवढं एकच म्हणणं खरं होतं. कितीतरी गुरुवार ऐकल्यावर एकदा मी किटली खाली ठेवली आणि विचारलंच.

"सेपकाका, आइसलँडहून एकदम त्रिंकोमाली? मधला अख्खा हिवाळा कुठे गेला? जहाजाला पंख फुटले होते काय?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मग माझ्या ध्यानात आलं. एकमेकांचं एक बंदरही सुटू देत नाहीत ही म्हातारी मंडळी, आणि ही एवढी मोठी उडी एकानेही कधी पकडली नव्हती. सगळ्यांना ठाऊक होतं. मूर्ख काय ती मीच.

सेप उठला, सगळे कप गोळा केले आणि मोरीपाशी जाऊन विसळायला लागला. मी टॉवेल घेऊन शेजारी उभी राहिले.

"रशियाला रसद नेणाऱ्या ताफ्याबरोबर होतो," तो नळाकडे बघत म्हणाला. "तेल देऊन टाकी रिकामी झाली की तिच्यात समुद्राचं पाणी भरायचं, नाहीतर जहाज बुचासारखं हलतं. शेजारच्या टाकीत तेल. मधला पडदा झिरपला तर पाणी तेलात. म्हणून नळी उघडण्याआधी टाकीत गज सोडायचा. गजाला एक मलम लावलेलं असतं, पाणी लागलं की लाल होतं."

"मग?"

"मग हॅलर्टन आली. विनाशिका. वर जर्मन विमान घिरट्या घालत होतं, कप्तान ओरडत होता की आटपा. मी गज सोडला नाही, पोरी. सरळ झडप उघडली. ती पोट भरून निघून गेली, मग मी गज सोडला. गुडघ्याएवढा लाल."

"कळवलं नाहीत त्यांना?"

"वायरलेसला बंदी. पाणबुड्या ऐकतात ना. मोठा अधिकारी म्हणाला, तोंडाला कुलूप लाव. तिसऱ्या दिवशी कळलं, हॅलर्टन बुडाली." त्याने कप उपडा घातला. "तेलात पाणी गेलं की बॉयलरच्या आगी विझतात. आगी विझल्या की जहाज जागच्या जागी उभं. उभ्या जहाजावर कोणीही नेम धरेल."

"पण तसंच झालं हे कशावरून?"

"तेच तर कळलं नाही कधी."

"जे वाचले त्यांना विचारायचं होतं."

"काय विचारू? बाबांनो, तुमची माणसं मीच मारली का?"

त्यानंतर मला चैन पडेना. माझी नणंद संडरलँडला असते. तिच्या भाजीच्या वाफ्याशेजारी ऑस्विन पॅटिसन नावाचा एक जण कांदे लावतो आणि तो म्हणे युद्धात हॅलर्टनवर बॉयलरपाशी होता. मी सेपला सांगितलं. तो म्हणाला, "नको." पुढच्या गुरुवारी दाढी घोटून, गळ्यात टाय बांधून आला आणि दारातच विचारलं, "येतोय का तो?"

मी ऑस्विनला बोलावून घेतलं. हॉल मुद्दाम एरवीच्या दिवशी उघडला आणि दोघांपुढे हॅम आणि शिजवून घोटलेले वाटाणे भरलेले पाव ठेवले. हा उद्योग मीच केला होता, आणि उत्तर वाईट निघालं असतं तर या म्हाताऱ्याने ते घेऊन कुठे जायचं होतं?

ऑस्विन ठेंगणा, भरपूर बोलका. "शील्ड्सचा चहा अजून असाच पाणचट का?" ही त्याची सलामी.

"संडरलँडच्या जिभेला सगळंच पाणचट लागतं," सेप म्हणाला. मग त्याने श्वास घेतला आणि सगळं सांगून टाकलं. गज, मलम, लाल रंग, सगळं.

ऑस्विन खाता खाता थांबला. "ते तेल तुझं होतं?"

"माझं."

"अरे लेका, अर्धा समुद्र होता त्यात! काय शिव्या घातल्या तुला आम्ही. तुला, तुझ्या आईला, तुझ्या कप्तानाच्या आईला."

सेप पांढराफटक पडला. "आणि आगी विझल्या."

"कसल्या विझतात? आलेलं तेल लगेच जाळतं का कोणी? आधी त्याची तपासणी व्हायची. मग टाकीत निवांत पडू द्यायचं. पाणी तळाला बसतं, ते पंपाने उपसून टाकायचं. तोवर जुनं जाळायचं. तुझं तेल तर आम्ही पेटवलंच नव्हतं."

"मग ती बुडाली कशी?"

"टॉर्पेडोने. पूर्ण वेगात होतो आम्ही, सगळ्या आगी धडधडत होत्या. माझी पाळी नुकतीच संपली होती म्हणून मी वर होतो."

सेपने दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले. मला वाटलं आता रडेल. तर त्याचा चेहरा हळूहळू तांबडा झाला.

"थांब जरा. म्हणजे आम्ही गज घालून, तपासून, शुद्ध तेल पाठवायचो, तेही तुम्ही तपासायचात?"

"दरवेळी."

"विश्वास नव्हता आमच्यावर?"

"टँकरवाल्यांवर? कधीच नाही."

"नौदलाची घमेंड!" सेपचा अगदी तिळपापड झाला. "एवढी वर्षं मी झोपलो नाही, आणि तुम्ही... अरे, एकदा सांगायचं तरी!"

"कुणाला सांगणार? नळीच्या त्या टोकाला काळे हात तेवढे दिसायचे. तुम्ही तरी कधी विचारलंत?"

हसावं की डोळे पुसावे मला कळेना. युद्धभर त्यांनी एकमेकांना जगवलं, आणि एका नळीच्या दोन टोकांची ही माणसं एकमेकांशी अवाक्षर बोलली नव्हती. नौदलवाले टँकरवाल्यांना खालचे समजत, टँकरवाले त्यांना शिष्ट समजत. त्यातच एका माणसाचं अख्खं आयुष्य गेलं. मला फार राग आला, पण तो कोणावर काढायचा?

सेपचा श्वास हळूहळू खाली आला. त्याने टाय सैल केला.

"ऑस्विन," तो म्हणाला, "तू वर आल्यावर खाली कोण होतं?"

"कशाला आता?"

"आजवर मी नुसतं माझंच पाप मोजत बसलो. त्यांची नावंसुद्धा विचारायचं धाडस झालं नाही. मला काय हक्क, असं वाटायचं."

ऑस्विनने पावाचा तुकडा ताटात ठेवला.

"टॉम रेनी," तो म्हणाला. "ब्लाइथ गावचा. माझ्या जागी उतरला होता."

"कसा होता?"

"बासरी वाजवायचा. भयंकर वाईट."

सेप हसला, आणि हसता हसताच त्याला रडू कोसळलं. डोळे न पुसता तो म्हणाला, "पुढचा सांग."