परसातली खुंटी

एस्टिल साइझमोर वाईट माणूस नव्हता, असं आमच्या खोऱ्यात अजून म्हणतात. म्हणोत बापडे. ज्यांनी त्याच्या हातचा मार खाल्ला नाही, त्यांना तो वाईट वाटायचं कारणच काय? वादळात कुणाचं छप्पर उडालं की शिडी घेऊन पहिला हजर. गळा असा गोड की प्रार्थना-मंदिरात तो गायला लागला की म्हाताऱ्या भान विसरून बघत राहायच्या. कोळशाचा ट्रक चालवायचा, कुणाचं देणं ठेवायचा नाही. दारू पिऊन मारतो म्हणावं, तर तेही नाही. चांगला शुद्धीवर असायचा मेला.

माझी धाकटी बहीण ऑर्फा त्याची बायको. तिचा डावा कान त्याने एका थपडेत कायमचा घालवला. डॉक्टरला तिने सांगितलं, गाईने लाथ मारली. त्यांची गाय विकून तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. डॉक्टरलाही ते ठाऊक होतं, पण आमच्याकडे नवरा-बायकोच्या भानगडीत कुणी पडत नाही.

त्या वर्षी बर्फ वितळता वितळता ऑर्फा कागदी पिशवीत कपडे कोंबून माझ्या दारात उभी राहिली. मी विधवा, घरात एकटीच. म्हटलं, ये बाई, आता मागे वळून बघू नकोस. तिला शाळेच्या स्वयंपाकघरात कामही मिळालं. सुरुवातीला दार वाजलं तरी दचकायची. मग हळूहळू माझ्याशीच भांडायला लागली, घेवड्याच्या कालवणात मीठ कमी, मक्याची भाकर करपवलीस, असलं काहीबाही. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

एप्रिलात आमच्याकडे संजीवन सभांचा आठवडा असतो. बाहेरून सुवार्तिक येतो, रोज संध्याकाळी घसा फोडून उपदेश करतो आणि शेवटी लोकांना पुढे बोलावतो. पुढे जाऊन त्याच्यामागोमाग प्रार्थना म्हटली की तारण झालं, म्हणजे पापं धुतली आणि नरक कायमचा चुकला. त्या वर्षी ब्रदर पेल्फ्री म्हणून एक आला होता. नरकाचं वर्णन असं करायचा, की वाटावं काल तिथेच जेवून आलाय. पण बायकोच्या अंगावर हात टाकू नये, हे चुकून तोंडातून निघेल तर शपथ! ते सांगितलं असतं तर अर्धी बाकं रिकामी झाली असती, हे त्यालाही कळत होतं.

उपदेश झाला, हळू आवाजात गाणं सुरू झालं. ब्रदर म्हणाला, "डोळे मिटा, माना खाली घाला. कुणी कुणाकडे बघू नका." मी कधीच डोळे मिटत नाही. एस्टिल मागच्या बाकावरून उठला आणि ढसाढसा रडत पुढे गेला. खोटं का बोला, रडणं खरं होतं. ब्रदरने त्याच्या खांद्यावर हात टाकला, चार ओळी म्हणून घेतल्या. अंडं उकडायला याहून जास्त वेळ लागतो.

"आपला भाऊ नवा माणूस झाला!" ब्रदर ओरडला. "याची बायको आहे का इथे?"

सगळ्यांचे मिटलेले डोळे फटाफट उघडले आणि माझ्याशेजारी बसलेल्या ऑर्फाकडे वळले.

"बहिणी, प्रभूने याला क्षमा केली," ब्रदर म्हणाला. "तू काय प्रभूपेक्षा मोठी आहेस?"

माझ्याच्याने राहवलं नाही. मी बसल्या जागेवरून म्हटलं, "ब्रदर, प्रभूचा कान नाही फोडला याने."

"नेवा, गप बस!" मागची एक जण फिस्कारली. "एक आत्मा वाचतोय, त्यात विघ्न आणू नकोस."

ऑर्फा उठली. मी तिचा झगा धरला, तो तिने हळूच सोडवून घेतला. पुढे जाऊन ती एस्टिलच्या शेजारी उभी राहिली आणि सगळी मंडळी रांग लावून दोघांशी हात मिळवायला गेली. मी गेले नाही. रात्री कपडे न्यायला आली तेव्हा म्हणाली, "ताई, एवढी माणसं बघत होती गं. मी नाही म्हटलं असतं, तर त्याचं तारण माझ्यामुळे अडलं असतं."

"अगं, कुत्र्याचं शेपूट ते! नळीत घातलं म्हणून सरळ होतं का?"

"या वेळी खरंच रडला गं."

नव्याचे नऊ दिवससुद्धा निभले नाहीत. पण एस्टिलची एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर मी अन्याय केला असं होईल. मे महिन्यात आम्ही बायका प्रार्थना-मंदिराच्या खिडक्या धूत होतो. आत आमचे पाळक टॅकेट, मंदिराचे कायमचे धर्मगुरू, एकटेच बसले होते. एस्टिल टोपी हातात घेऊन आला. मी खिडकीबाहेर शिडीवर होते, त्याला दिसले नाही.

"पाळकसाहेब, माझ्या आत काही झालंच नाही हो," तो म्हणाला. "ब्रदर बोलले तसं मी बोललो. पण आत सगळं तसंच आहे. काल परत तिच्यावर हात टाकला. माझं तारण झालं नसेल, असं वाटतंय."

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. उभ्या आयुष्यात तो माणूस खरं बोलला असेल, तर त्या दिवशी. पाळकांनी एवढंच म्हणायचं होतं, की होय बाबा, नाही झालेलं. जा, आधी बायकोचे पाय धर आणि मग ये. शिडीवर मी फडकं तसंच धरून उभी होते.

पाळक टॅकेट मनाने भला माणूस. भल्या माणसांनीच आमच्या खोऱ्याचं जास्त वाटोळं केलंय.

"एस्टिल, प्रार्थना मनापासून म्हटलीस ना?" त्यांनी विचारलं.

"म्हटली."

"मग झालं! एकदा तारण झालं की ते जात नाही. आत काय वाटतं याला किंमत नाही. ही शंका सैतान घालतोय तुझ्या डोक्यात. तू असं कर, एक चांगली लाकडी खुंटी घे, तिच्यावर तारणाची तारीख लिही आणि परसात ठोक. सैतान शंका घेऊन आला, की त्याला ती खुंटी दाखव."

आमच्याकडे पुष्कळांनी अशा खुंट्या ठोकल्या आहेत. एस्टिलने पांढऱ्या ओकची घेतली, काळ्या रंगाने वर 'चौदा एप्रिल' लिहिलं आणि कोंबड्यांच्या खुराड्यामागे ठोकली. त्या दिवशी मंदिरातून परत जाताना त्याचा चेहरा इतका हलका झाला होता, की मी शिडीवरून उतरून फडकं बादलीत आपटलं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं, तर हा घडा क्षणभर सुलटा झाला होता हो! पाळकांनीच तो पुन्हा पालथा घातला.

उन्हाळ्यात ऑर्फा क्वचित यायची. सप्टेंबर सरता सरता एकदा माझ्या ओसरीवर घेवड्याच्या शेंगांच्या शिरा काढता काढता म्हणाली, "ताई, पूर्वी मारलं की नंतर रडायचा तरी. भांडी घासायचा, फुलं आणायचा. आता नाही."

"आता काय करतो?"

"मानगूट धरून खुंटीपाशी नेतो. गुडघ्यावर बसवतो आणि म्हणतो, वाच. मी तारीख वाचते. मग म्हणतो, देवाने ज्याला सोडलं, त्याला तू कोण धरणारी? आणि आत जाऊन जेवायला बसतो. शांतपणे जेवतो गं."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. म्हटलं, "आत्ताच्या आत्ता इथे राहा. त्या घरात पाऊल टाकायचं नाही."

"येते ना. या खेपेला नक्की येते," ती म्हणाली. "हिवाळ्यासाठी शेंगा दोऱ्यात ओवून वाळत घातल्यात, तेवढ्या उतरवते. त्याच्या हाताला लागल्या तर कुजवेल मेला."

मी हट्ट धरला, भांडले, शिव्या घातल्या. ती हसून चांगला कान माझ्याकडे करायची आणि पुन्हा म्हणायची, "शेंगा वाळू देत."

शेंगा वाळायच्या आत ती गेली. परसदारच्या पायऱ्यांवरून पाय घसरला, डोकं दगडावर आपटलं, असं एस्टिलने सांगितलं. तपासाला आलेल्या शेरीफने मान हलवली, टोपी घातली आणि निघून गेला. एस्टिलने आधी पाळकांना फोन केला होता, मग डॉक्टरला. मूठमातीच्या वेळी पाळक म्हणाले, "या घरात तारणाची शंका कुणालाच नाही, हे केवढं समाधान!" मंडळी 'आमेन' म्हणाली. एस्टिल गायला. काय गायला म्हणता! बायका हुंदके देत होत्या.

मी तिचे कपडे आणायला गेले तेव्हा तो कामावर होता. ओसरीवर शेंगांच्या माळा लटकत होत्या. परसात जाऊन दोन्ही हातांनी खुंटी हलवून हलवून उपटली आणि घरी आणून चुलीत घातली. ओक तो, चांगला जळला. मी त्याच्यावर भाकर भाजली आणि खाल्ली.

वसंतात एस्टिल माझ्या दारात आला. दाढी गुळगुळीत, अंगात नवा सदरा. पलीकडच्या खोऱ्यातल्या एका विधवेकडे त्याचं जाणं-येणं सुरू झालंय, हे माझ्या कानावर होतं.

"नेवाताई, खुंटी तू नेलीस का?"

"नेली. जाळली. काय करायचं ते कर."

तो रागावेल असं वाटलं होतं. हातात कढई घेऊनच दार उघडलं होतं मी. पण त्याने मान डोलावली. "असू दे ताई. तुझं दुःख मी समजतो. मी तुला क्षमा केली."

"तू? मला?"

"खुंटी म्हणजे काय, लाकूड. तारीख इथे आहे." त्याने छातीवर हात ठेवला. "चौदा एप्रिल. झोपेतून उठवून विचार, सांगेन."

"आणि ऑर्फा कुठल्या तारखेला गेली रे?"

त्याने तोंड उघडलं. मग ओसरीच्या खांबाकडे बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या. खरंच आठवत होता बिचारा, ओठ हलत होते.

"ऑक्टोबर ना?" तो म्हणाला. "तारीख नाही बघ लक्षात. शेंगा वाळत होत्या, एवढं आठवतं. अजून आहेत थोड्या, चांगल्या आहेत. आणून देऊ का तुला?"