उपसलेली विहीर

ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात आम्ही भूजल सर्वेक्षणाला चिमूरकडच्या एका गावात होतो. विहीर पंपानं उपसायची आणि पाणी परत किती वेळात चढतं ते मोजायचं, ही आमची पद्धत. पाणी मुरून पुन्हा विहिरीत येऊ नये म्हणून पाइप लांब पडीत जमिनीत सोडलेला. बाया रिकाम्या घागरी घेऊन बघत उभ्या होत्या.

"काऊन सांडून राह्यले जी पाणी?" एका म्हातारीनं विचारलं.

"तुमच्याच भल्यासाठी," मी खेकसलो. तिच्याकडे बघवत नव्हतं.

दुपारी विहिरीचा तळ दिसला. माझ्या घशाला कोरड पडलेली. तीच म्हातारी नाल्याच्या वाळूत खड्डा उकरून, पदरानं गाळलेलं लोटाभर पाणी घेऊन आली. मी तो लोटाही तळापर्यंत संपवला. ती रिकामा लोटा घेऊन परत नाल्याकडे निघाली.