मास्तरांची डावी बाजू

नागुमो मास्तरांचं कॉफीचं दुकान माझ्या न्हाव्याच्या दुकानाला लागूनच आहे. आमच्या जपानात अशा दुकानाच्या मालकाला मास्तरच म्हणतात. तिथे जाझच्या रेकॉर्ड ऐकायच्या, कॉफी प्यायची आणि तोंड बंद ठेवायचं. माझ्याकडे लोक बोलायला येतात, त्यांच्याकडे गप्प बसायला. गप्प बसायचे जास्त पैसे का मोजतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

मास्तर तसे साधे. बाराही महिने तोच करडा स्वेटर, जेवणात भात आणि मुळ्याचं लोणचं. पण आवाजाच्या बाबतीत माणूस कामातून गेलेला. त्यांच्या खुर्चीची जागा जमिनीत खुणेचे खिळे ठोकून पक्की केलेली. झाडताना त्यांच्या पत्नी शिगेको-सान तिला बोटसुद्धा लावत नसत.

वसंतात मास्तर म्हणाले, "डावी बाजू बारीक येतेय."

आधी सुई बदलली. मग टर्नटेबलचा, सुई धरणारा हात बदलला. मग अंगणात स्वतःचा वेगळा विजेचा खांब रोवला, कारण शेजारच्या यंत्रांमुळे वीज मळते म्हणे. शेजारी म्हणजे मीच.

दर खरेदीनंतर आम्हा नेहमीच्या गिऱ्हाइकांना बोलावणं यायचं. तीच रेकॉर्ड जुन्या सामानावर वाजायची, मग नव्यावर. मास्तर एकेकाच्या तोंडाकडे बघायचे. निवृत्त पोस्टमास्तर होशिकावा डोळे मिटून म्हणायचे, "हं. डावीकडचं उघडलं." दुसरा म्हणायचा, "चांगलंच उघडलं." मला आधीही दोन्हीकडून सारखंच ऐकू यायचं आणि नंतरही. पण यजमानाने एवढा खर्च केल्यावर त्याच्या तोंडावर 'फरक नाही' म्हणायची आमच्यात रीत नाही. मीही मान डोलवायचो. त्या रात्री मास्तर खुशीत असायचे आणि आठवड्याभरात पुन्हा म्हणायचे, "अजून बारीकच आहे."

पानगळीच्या दिवसांत ते केस कापायला आले. डाव्या कानामागे कात्री चालवताना मी विचारलं, "मास्तर, कल्ले आखूड करू?" उत्तर नाही. उजवीकडे येऊन तेच विचारलं, तर म्हणाले, "करा की, विचारता काय." जाताना पायरी उतरताना त्यांनी भिंत धरली. रस्ता कोरडा होता. मी पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

पहिलं बर्फ पडलं तेव्हा मास्तरांनी नवं टर्नटेबल पसंत केलं होतं. किंमत नव्या मोटारीएवढी. त्यासाठी शिगेको-सानची माहेरची पर्सिमन फळांची बाग विकायची ठरत होती. सही करायच्या आदल्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या.

"ओनोदेरा-सान, तुम्हाला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून विचारते. बाग विकण्याइतका फरक पडेल का हो?"

मी त्यांना टर्नटेबलबद्दल काहीच सांगितलं नाही. कल्ल्यांचं सांगितलं. भिंत धरल्याचंही सांगितलं. त्यांनी मफलरची गाठ घट्ट केली. मग म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर. एकटीनं नाही व्हायचं."

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मास्तर रेकॉर्ड पुसत होते. शिगेको-सानने सरळ जाऊन ती खुर्ची धरली आणि खिळ्यांवरून उचलून उलटी ठेवली, स्पीकरकडे पाठ करून.

"अहो, बसा. आणि लावा ती रेकॉर्ड."

मास्तर भडकतील असं मला वाटलं. पण ते निमूटपणे बसले. रेकॉर्ड सुरू झाली. आता त्यांच्या डाव्या हाताला उजवा स्पीकर होता, ज्याला वर्षभर कुणी नावं ठेवली नव्हती तो. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"आता कुठली बाजू बारीक?" शिगेको-साननी विचारलं.

मास्तरांनी हळूच डावा हात वर केला.

"म्हणजे यंत्राचं काही नाही," शिगेको-सान म्हणाल्या. "उद्या सही नाही. उद्या दवाखाना."

"मला माहीत आहे," मास्तर म्हणाले. "अशी खुर्ची फिरवून मी वसंतातच बघितलं होतं."

"वसंतात? मग ती सुई, तो हात, तो खांब? सगळं कशाला?"

"घाबरलो होतो. कानच गेला असं धरून चाललो होतो. तरी एकदा सुई बदलून बघितली आणि हे सगळे म्हणाले, डावीकडचं उघडलं. म्हणजे आधी खरोखरच बंद होतं ना? दर वेळी म्हणाले. मला वाटलं, कान माझा एकट्याचा, तो चुकत असेल. एवढी माणसं कशी चुकतील?"

मग त्यांनी उजवा कान माझ्याकडे केला. "ओनोदेरा-सान, तुम्हालाही बारीक यायची ना डावी बाजू?"

रेकॉर्ड चालूच होती, दोन्हीकडून, स्वच्छ. शिगेको-सान माझ्याकडे बघत होत्या. वर्षभर उभी हलवलेली मान मी आडवी हलवली.